खुलासा: जेम्स नेलरला फाशी झाली नव्हती

‘क्वेकर प्रचारक जेम्स नेलरने स्वतःला येशू म्हणवलं, म्हणून क्रॉमवेलने त्याला फासावर चढवलं’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. (क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला ख्रिस्ती पंथ; क्रॉमवेल हा तेव्हाचा इंग्लंडचा सत्ताधीश.)

ऑक्टोबर १६५६ मध्ये नेलर, येशूच्या जेरुसलेम-प्रवेशासारखा, भर पावसात घोड्यावरून इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात शिरला, अनुयायी ‘पवित्र, पवित्र’ गात होते, इथपर्यंत खरं. पण हा मान माझ्या देहाला नाही, अंतरीच्या ख्रिस्ताला आहे, असं तो चौकशीत सांगत राहिला. शिक्षा ठरवली ती संसदेने, आणि तिथे मृत्युदंड ९६ विरुद्ध ८२ मतांनी फेटाळला गेला. याला दया म्हणणं कठीणच: ३१० फटके, तापल्या सळईने जिभेला भोक, कपाळावर ‘बी’ (ब्लास्फेमर, म्हणजे ईश्वरनिंदक) या अक्षराचा डाग, वर कैद. उलट क्रॉमवेलनेच संसदेला विचारलं, हा अधिकार तुम्हाला कुठून आला? नेलर १६५९ मध्ये सुटला आणि १६६० मध्ये, वाटेत लुटारूंनी गाठल्यानंतर, वारला.