काऊ की कावळा

आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवस वाद चाललाय. इंदूरला बहिणीचा मुलगा आठ महिन्यांचा झाला आणि त्याच्याशी कसं बोलायचं यावरून तीन तट पडलेत. बहिणीला आत्तापासून नर्सरीच्या प्रवेशाची काळजी, म्हणून तिचं ‘बेबी, वॉटर पी’ सुरू आहे. तिच्या सासूबाई म्हणतात, गल्लीत, दुकानात सगळीकडे हिंदी. तेच बोला, पोर गोंधळायला नको. आणि इंदूरच्याच रामबागेतले आमचे काका: मराठीच बोला, पण स्वच्छ बोला. काऊ-चिऊ, भूभू, मम्मं सगळं बंद.

मी व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नाबीत राहतो. मुलगी नऊ महिन्यांची. ‘तिकडे काय सांगतात?’ असं मला विचारलं गेलं. जणू इकडची बाळं नियमावली घेऊनच जन्माला येतात.

आधी काकांचं बरोबर काय ते सांगतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या दोन संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, मग एक खेळणं उजळायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक सहज कळत होता, इंग्रजी मोठ्यांना कळत नव्हता. दहा-बारा महिन्यांपर्यंत बाळांचीही ती समज बहुतेक गेलेली. आणि आपण नेमकं याच वयात काय करतो? ‘गोद गोद बाळ’, ‘केवधं मोथं झालं!’ म्हणजे जो फरक बाळाच्या कानाला कळतो, तोच आपण लाडाने पुसतो.

पण काका हेल आणि बोबडेपणा एकाच टोपलीत टाकतात. चढा आवाज, संथ लय, ओढलेले स्वर यांत बाळाचं काही बिघडत नाही, उलट ते कान देतं. १९९७ साली पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन, रशियन आणि स्वीडिश आयांचं बोलणं मोजलं. बाळाशी बोलताना तिन्ही देशांतल्या आयांचे आ, ई, ऊ मोठ्यांशी बोलताना येतात त्यापेक्षा जास्त ठळक निघाले. ‘काऽऽऊ’ हे त्यातलंच. शिवाय आमची आई ‘काऊ आला’ म्हणते आणि पुढच्याच वाक्यात ‘हो, कावळा आला’. काकांना पहिलंच ऐकू जातं.

भाषेच्या भांडणात मात्र मी बहिणीच्या विरुद्ध आहे आणि सासूबाईंच्याही. लस टोचायला गेलो तेव्हा इथल्या नर्सने सांगितलं, घरात तुमचीच भाषा बोला, इंग्रजी ती बाहेर उचलेल. आणि दिवसभर बोलत राहा, जे करताय ते सांगत राहा. मी धुण्याच्या यंत्रासमोर उभा राहून ‘आता मोजे टाकले, आता साबण’ असं धावतं समालोचन करू लागलो. पहिले चार दिवस लाज वाटली. मग कळलं की हे औषध आमच्या दोन खोल्यांच्या मुक्या घरासाठी आहे. इंदूरच्या आमच्या वाड्यात कोणालाही बाळाशी ठरवून बोलावं लागलं नाही. तेल लावणारी बाई माळवीत बोलायची, दूधवाला हिंदीत, आत्या कोणाला तरी रागावत असायची, आणि आजी बाळाच्या वतीने: ‘मला नको तो भात, म्हणावं!’ पापुआ न्यू गिनीतल्या कालुली आया अगदी असंच करतात, असं वाचलं तेव्हा हसू आलं. त्या तान्ह्या बाळाशी फारशा गप्पा मारत नाहीत; त्याला माणसांकडे तोंड करून धरतात आणि त्याच्या वतीने बोलतात. ती मुलंही बोलायला शिकतातच.

बहिणीच्या घरी आता दहाव्या मजल्यावर ती, नवरा आणि बाळ. दिवसा बाई येते, तीही कानात इयरफोन घालून. इंग्रजी बालगीतं टीव्हीवर चालू. वाद भाषेचा चाललाय, पण त्या घरात बाळाला उत्तर देणारं तोंड कुठाय, हे कोणी विचारत नाही.

कूल यांचाच दुसरा प्रयोग २००३ चा, सिएटलचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा समोर बसून खेळली. बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला. तेच पडद्यावर दाखवलं, तर काही नाही. हे मी बहिणीला लिहिलं. तिने विचारलं, ‘मग आईचे व्हिडिओ कॉल?’ प्रश्न बरोबर होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालच्यांना पडदा नको म्हणताना व्हिडिओ कॉलला सूट दिली. टीव्हीतली बाई थांबत नाही, आई थांबते. ‘हो का? अजून काय?’ म्हणते.

हिवाळ्यात आमचे दुपारचे चार म्हणजे इंदूरचे पहाटेचे साडेपाच. आई चहाचा कप घेऊन कॉलवर असते. त्याच वेळी आमच्या खिडकीवरून कावळे स्टिल क्रीक नावाच्या ओढ्याकडे मुक्कामाला निघतात, दररोज हजारोंनी. परवा मुलीने काचेवर हात आपटला, ‘का!’ म्हणाली.

‘काऊ? तिथेही काऊ? किती गं ते काऊ!’ आई ओरडली. मग माझ्याकडे वळून, ‘तू काय नुसता फोन धरून बसलायस? बोल की तिच्याशी.’