अमर माणसाला कवळी कशाला?

नमस्कार,

माझ्या पुस्तकावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा चिडून आणि एकदा चहा झाल्यावर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. १७३८ सालचा जन्म, बेचाळिसाव्या वर्षी वय थांबलेलं, तरी पुस्तकातल्या अमर गोविंदभटाला पानिपत धड आठवत नाही, हे तुम्हाला पटत नाही. जो मरणारच नाही त्याच्या गोष्टीत धोका कसला, हा दुसरा. आणि तिसरा तुमच्याच शब्दांत: 'अमर माणसाला कवळी कशाला?'

कवळीपासूनच सुरू करते, कारण मला आधी कवळी सुचली, गोविंदभट नंतर. माणसाला दात दोनदाच येतात. दाताचं वरचं कवच झिजलं की शरीर ते पुन्हा घडवत नाही. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या पेशींचंही तेच. आता वय थांबलं म्हणून चावणं थोडंच थांबतं? त्यातून जात्यावरचं पीठ, म्हणजे भाकरीत दगडाची कच आलीच. माझ्या हिशेबाने दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीतच तो बोळका झाला असणार. त्याला मरण नाही एवढंच मी ठरवलं होतं. झीज नाही असं कुठं म्हटलंय?

त्यापेक्षा अश्वत्थाम्यासारखी भळभळती जखम द्यायची, असं तुम्ही सुचवलंत. सात चिरंजीवांच्या श्लोकात त्याचं नाव पहिलं आहे खरं. पण सौप्तिकपर्वात कृष्णाचा शाप आहे तीन हजार वर्षं भटकण्याचा. त्याला मुदत आहे. ती आपण लोकांनी काढून टाकली आणि त्याला दारोदार तेल मागायला लावलं. मुदत असलेला माणूस दिवस मोजतो, गोविंदभटाकडे मोजायला काही नाही. शिवाय जखमेपुढे लोक हात जोडतात. कवळीला हसतात. मला हसणारेच हवे होते.

आता पानिपत. इथे मी अजिबात माघार घेणार नाही. माझी मावशी पानशेतच्या पुराच्या वेळी, म्हणजे १२ जुलै १९६१ला, नऊ वर्षांची होती. नारायण पेठेतून आजोबांचा हात धरून पर्वतीकडे कशी पळाले, पायात चप्पल एकच कशी होती, हे ती इतकं तपशिलात सांगते की ऐकणाऱ्याला ओलं वाटावं. मागच्या दिवाळीत आई तिला म्हणाली, "अगं, तू त्या आठवड्यात सासवडला होतीस. चप्पल माझी हरवली." मावशी दोन दिवस बोलली नाही. ती खोटं बोलत नव्हती हो. साठ वर्षं ऐकून ऐकून ती चप्पल तिच्या पायात आली होती.

साठ वर्षांत हे होतं, तर अडीचशे वर्षांत काय होईल? 'दोन मोत्यं गळाली' हा पानिपतचा निरोप गोविंदभटाला तोंडपाठ आहे. पण तो १७६१मध्ये तेविसाव्या वर्षी कानांनी ऐकला, की पुढे कधी शेजारच्या पोराचा इतिहासाचा अभ्यास घेताना पाठ झाला, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून तर मी त्याला मोडी वाचून देण्याचा धंदा दिला. कुणाच्या तरी वाड्याच्या वाटणीचा कागद समोर येतो, शब्द न तोडता एकटाकी लिहिलेला. तो सराईतपणे वाचत जातो आणि मध्येच थबकतो, कारण अक्षराचं वळण त्याचंच आहे. मजकूर मात्र पूर्ण अनोळखी. तुम्हाला हा प्रसंग 'ओढून ताणून' वाटला. मला पुस्तकातला तोच एक प्रसंग पहिल्या खर्ड्यापासून बदलावासा वाटला नाही.

धोक्याचं उत्तरही त्यातच आहे. आठवण टिकत नाही हे कळल्यावर तो रोज चार ओळी लिहून ठेवायला लागला. त्या वह्यांची ट्रंक नदीकाठच्या खोलीत होती. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, आणि पाणी उतरल्यावर ट्रंकेत चिखल होता. तो वाचला, वह्या गेल्या. सातव्या प्रकरणात तो ते पान पान करून उन्हात वाळवतो, तिथे तुम्ही 'कथा रेंगाळते' असं लिहिलंय. रेंगाळते. तो रेंगाळतोय म्हणून.

एक चूक मात्र माझी, आणि ढळढळीत. १८३१ साली मी त्याला शनिवारवाड्याच्या वरच्या सज्जात उभा केला. वाडा १८२८च्या आगीत जळाला होता, सज्जा आणायचा कुठून? 'आठवणीची झीज' म्हणून मी ते खपवू शकले असते, पण ते वाक्य निवेदकाचं आहे, गोविंदभटाचं नाही. पुढच्या आवृत्तीत तो तिथे जोत्यावर बसेल. बहुधा बरंच होईल, कवळी काढून ठेवायला जोतं सोयीचं.

जाता जाता, तुमच्या घरच्या मोडी कागदांचा उल्लेख केलात. मी शिकाऊच आहे, पण बघायला आवडतील. फोटो काढताना कडा कापू नका, समासात कुणीतरी काहीतरी खरडलेलं असतंच.