दिवे बसवण्याच्या बिलाबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, "एकोणीस हजारांचे दिवे मी आणले आणि नुसते बसवायचे चौतीस हजार घेतले. आधी सांगितलेला आकडा वेगळा, बिल वेगळं. कॉलनीतला वायरमन नऊ हजारांत करून देत होता." पैसे तुमचे गेले आहेत, तेव्हा जाब विचारायचा हक्क तुमचाच. घरात लायटिंग करून घ्यायला निघालेल्या इतरांनाही हिशोब कळावा, म्हणून सविस्तर लिहितो.

बिल ३३,९४९ रुपयांचं आहे. त्यातले ५,१७९ जीएसटीचे. उरले २८,७७०. बावीस सीओबी (छतात बसणाऱ्या छोट्या एलईडी) दिव्यांसाठी फॉल्स सीलिंगला भोकं पाडून ते जोडून बसवायचे, दिव्याला १५० प्रमाणे, ३,३००. नऊ नवे पॉइंट, पाइप आणि वायरसकट, ९०० प्रमाणे ८,१००. हॉल आणि बेडरूम मिळून २२ मीटर एलईडी स्ट्रिप (उजेडाची पट्टी), अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलसह, मीटरला २६० प्रमाणे ५,७२०. झुंबराचे १,५००. इथपर्यंत १८,६२० होतात, आणि काम सुरू होण्याआधी दिलेल्या अंदाजपत्रकात हाच आकडा, अधिक जीएसटी, लिहिलेला आहे. त्यात एक रुपया वाढलेला नाही. वाढल्या त्या दोन बाबी: पाच ड्रायव्हर (स्ट्रिपला १२ व्होल्टचा सप्लाय देणारे डबे), ६,२५०, आणि डीबीतलं (घराचे सगळे खटके असतात त्या मुख्य पेटीतलं) काम, ३,९००. दोन्हींचे फोटो आणि दर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, तुमचा होकार आला, मगच माल आणला. त्या वेळी तुम्ही ऑफिसात होतात, त्यामुळे हे का लागलं ते नीट बोलता आलं नाही, ते आता सांगतो.

तुमच्या स्ट्रिपच्या रिळावर मीटरला १४.४ वॅट छापलंय. पाच मीटरचं रीळ म्हणजे ७२ वॅट. त्याच्यासोबत आलेला अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा, म्हणजे ६० वॅटचा. पहिल्या दिवसापासूनच तो झेपेल त्याहून जास्त ओढणार, तेही जिप्समच्या वर बंद जागेत, जिथे वारा नाही. असा अ‍ॅडॅप्टर तापून तापून जातो, आणि जाताना कधी कधी आजूबाजूची वायरही भाजून ठेवतो. ड्रायव्हरवर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर लोड टाकायचा नाही, हे आम्ही पाळतो. म्हणून १०० वॅटचे घेतले. पाच का, तर १२ व्होल्टची पट्टी सलग जोडत नेली की व्होल्टेज पडत जातं आणि शेवटचं टोक मंद, पिवळट दिसतं. हॉलच्या १४ मीटरचे तीन तुकडे केले, बेडरूमच्या ८ मीटरचे दोन, आणि प्रत्येकाला स्वतंत्र ड्रायव्हर दिला. आज तुमच्या हॉलच्या चारही कडांना सारखा उजेड आहे तो यामुळे.

डीबीचं काम तर दिसतच नाही, त्यामुळे ते सगळ्यात जास्त खटकतं, हे मला समजतं. तुमची बिल्डिंग तीसएक वर्षांची. डीबीत फक्त एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारे खटके) होते, लाइट आणि प्लगला मिळून एकच न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) ओढलेला होता, आणि छतावरच्या पॉइंटपर्यंत अर्थिंगची वायर पोचलेलीच नव्हती. एमसीबी ओव्हरलोडला पडतो, शॉर्टला पडतो. माणसाला शॉक बसला तर तो पडेलच असं नाही, कारण जीव घ्यायला लागणारा करंट एमसीबीच्या दहा अँपिअरच्या कितीतरी खाली असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की सप्लाय तोडणारा खटका) लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या (सीईए) २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच मर्यादा आहे. पण न्यूट्रल एकत्र असेल तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, म्हणून दोन्ही सर्किटांचे न्यूट्रल वेगळे केले. तुमचं झुंबर १४ किलोचं, अख्खं पितळेचं. ते पुसायला घरातलंच कुणीतरी स्टुलावर चढणार. अर्थिंग न देता ते टांगून यायला माझं मन धजत नाही. पीओपीवाल्यांनी त्याच्यासाठी पत्र्याच्या चॅनलला हूक सोडला होता. आम्ही तो वापरला नाही, वर स्लॅबला भोक पाडून अँकर फास्टनर ठोकला.

आता कॉलनीतल्या वायरमनबद्दल. मी त्यांना नावं ठेवणार नाही. बल्ब, पंखा, स्विच, जुन्या जागी नवं फिटिंग, एवढंच बदलायचं असेल तर त्यांनाच बोलवा, आम्ही महाग पडू. पण वायरिंगमध्ये भर घालायची असेल, नवं सर्किट ओढायचं असेल, तर कायद्याने परवानाधारक ठेकेदार लागतो, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाची देखरेख लागते आणि वायर ओढणाऱ्याकडे परमिट लागतं. ती माणसं वर्षभर पगारावर ठेवायची तर त्याचा भार दरात येतोच. शिवाय वर्षाला वीस लाखांच्या आतली सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. ते १८ टक्के तिथे वाचतात, आमच्याकडे वाचू शकत नाहीत.

खर्च खरंच कमी करायचा असेल तर तो पीओपीच्या आधी करता येतो. तुमचं छत बंद झाल्यावर आम्हाला बोलावणं आलं. सांगाडा उघडा असताना वायर टाकली असती तर पॉइंटचा दर मी नक्की खाली आणला असता. दिवे खरेदी करायच्या आधी यादी आम्हाला दाखवा, त्याचे पैसे घेत नाही. लांब पट्टी असेल तर २४ व्होल्टची घ्या, ड्रायव्हर कमी लागतात. आणि बारा बाय दहाच्या खोलीत आठ सीओबी लावायची गरज नसते. तुमच्या बेडरूममध्ये मी दोन कमी करा म्हटलं होतं, ते याचसाठी.

तुमच्या फाइलमध्ये ड्रायव्हरची बिलं, वॉरंटी कार्डं आणि छताचा नकाशा ठेवलाय. प्रत्येक ड्रायव्हर जवळच्या सीओबीच्या भोकातून हात घालून बाहेर काढता येतो. कधी बदलायची वेळ आली तर छत फोडावं लागणार नाही, आणि तो बदलायला आम्हीच यावं असंही नाही. वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या ५०० व्होल्टच्या मेगरचं रीडिंगही त्याच कागदावर आहे. तुम्ही घरी असाल अशा एखाद्या रविवारी मी स्वतः येतो, बिलातली प्रत्येक ओळ जागेवर दाखवतो आणि रीडिंग तुमच्यासमोर पुन्हा घेतो. भेटीचे पैसे नाहीत. तोवर आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत चला. खटका खाली पडला नाही, तर रविवारची वाट न बघता लगेच फोन करा.