माळकरी नाक

"आम्हालाही वाइनचं जरा शिकवा ना," असं सोसायटीतलं कुणी म्हणालं की शहाण्या माणसाने घराला कुलूप लावून कोकणात निघून जावं. मी तीन बाटल्या आणल्या. तिन्ही नाशिकच्या, तिन्ही माझ्या पैशाने. दुकानदाराने त्या एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर रबर लावलं, मग काळ्या पिशवीत घातल्या आणि इकडेतिकडे बघून माझ्या हातात दिल्या. 2022 साली सरकारने मोठ्या दुकानांतून वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू की नाही' यावर अख्खा महाराष्ट्र भांडला होता. काळ्या पिशवीपुरता तो निकाल केव्हाच लागलेला आहे.

असो. शनिवारी संध्याकाळी आठ जण जमले. टेस्टिंगचा हिशोब साधा असतो. 750 मिलीच्या बाटलीतून 50 मिलीप्रमाणे पंधरा माणसांना पुरते. मी मापाने ओतली. ग्लासच्या तळाशी पडलेल्या त्या ऐवजाकडे सगळ्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे सँपल झालं, आता ओता," असं तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. हे काका बारा वर्षं अमेरिकेत राहून आलेले आहेत आणि ते आपल्याला विसरता येऊ नये याची काळजी घेतात. मी रेड वाइन फ्रीजमधून काढली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "रेड फ्रीजमध्ये? रेड रूम टेंपरेचरला पितात!"

अहो, कुठल्या रूमच्या? तो नियम ज्यांनी केला त्यांच्या घरात थंडीने बोटं आखडत होती. रेड वाइन सोळा ते अठरा अंशांना चांगली लागते. मार्चअखेरच्या पुण्यात माझ्या दिवाणखान्यात तेहतीस अंश होते आणि पंखा तीनवर होता. त्या तापमानाला रेड ठेवली की नाकात नुसता स्पिरिटचा भपकारा जातो. हे मी नीट, आवाज न चढवता समजावलं. काका म्हणाले, "कॅलिफोर्नियात असं करत नाहीत," आणि वहिनींनी मान डोलावली.

मग थुंकण्याचा प्रश्न आला. टेस्टिंगमध्ये घोट तोंडात घोळवून थुंकायचा असतो, कारण दिवसाला डझनावारी वाइन चाखणाऱ्याने गिळायचं ठरवलं तर चाखणं दुपारच्या आतच संपेल. त्यासाठी मी माळ्यावरून आजोबांची पितळी पिकदाणी काढून, चिंचेने घासून टेबलावर ठेवली होती. ज्या शहरात सिग्नल सुटायच्या आत तीन खिडक्यांतून पिचकाऱ्या येतात, त्या शहरातली आठ सुशिक्षित माणसं त्या पिकदाणीकडे बघून एकदम खानदानी झाली. "ईऽ, सगळ्यांसमोर?" वहिनी म्हणाल्या. शेवटी त्यात ऑलिव्हच्या बिया पडल्या, आणि चकलीचा एक तुकडा.

तरीही मी सावरून नेलं असतं. ग्लास दांडीला धरा, हाताची ऊब लागू देऊ नका, आधी रंग बघा, मग फिरवा, मग नाक घाला, इथपर्यंत गाडी आली होती. तेवढ्यात बेल वाजली.

दारात बायकोचे मामा. निफाडहून, द्राक्षांची पेटी घेऊन. बागेची शेवटची तोडणी झाली की एक पेटी भाचीला द्यायची हा त्यांचा नेम. मामा पक्के वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, चहासुद्धा विचारूनच घेणारे. मला वाटलं, टेबल बघून देवघराशी जाऊन बसतील. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खुर्ची ओढली.

"काय चाललंय जावईबापू?"

"टेस्टिंग, मामा. वाइनचं. तुम्ही तर घेत नाही…"

"घेत नाही. वास घ्यायला माळ आडवी येत नाही."

एवढं बोलून त्यांनी माझा ग्लास उचलला. दांडीला नव्हे, दोन्ही तळव्यांत, तीर्थ घेतात तसा. मी दहा मिनिटं जे करू नका म्हणून सांगत होतो नेमकं ते. कुणी काही बोललं नाही. काकासुद्धा नाही.

ग्लासात सोव्हिन्यों ब्लाँ नावाची व्हाइट वाइन होती. मी नुकतंच सांगितलं होतं की हिच्यात गारगोटीचा वास येतो, दोन गारगोट्या घासल्यावर येतो तसा. मामांनी डोळे मिटून एकदाच वास घेतला. "गारगोटी कसली? गंधक आहे. बेदाण्याला धुरी देतात तसला."

"हो हो, गंधकच!" आठही जण म्हणाले. यातल्या एकाने तरी आयुष्यात गंधकाची धुरी पाहिली असेल तर मी मिशी काढीन. आता खरं सांगायचं तर मामांचं आणि माझं म्हणणं एकच होतं. वाइन खराब होऊ नये म्हणून तिच्यात गंधकाचा अंश ठेवतात, बाटलीवर तसं छापलेलंही असतं, आणि गारगोटीसारखा वास बऱ्याचदा गंधकाच्याच पोटातून येतो. पण हे मी बोलेपर्यंत सगळ्यांचे ग्लास मामांच्या दिशेने पुढे झाले होते.

मग मी रेडकडे वळलो. कॅबर्ने सोव्हिन्यों. जरा आवाज खोल करून म्हणालो, "हिचं मूळ घर फ्रान्समधलं बोर्डो."

"बोर्डो? ते आम्ही मारतो की," मामा म्हणाले.

शांतता पसरली.

"एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र ओतायचं. लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला समजायचं. नाहीतर पान जळतं."

यानंतर पाच मिनिटं माझ्या टेबलावर फक्त बोर्डो मिश्रणाची फवारणी होती. वहिनींनी गॅलरीतल्या गुलाबावर चालेल का विचारलं. आयटीतल्या पोराने विळ्याची गोष्ट मोबाइलमध्ये टिपून घेतली. माझी टाचणं त्याने टिपली नव्हती. मी मध्येच घुसून सांगितलं की हे औषध खरोखरच त्या बोर्डोचंच. तिथले बागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, म्हणजे द्राक्षं घाण दिसतात आणि वाटसरू चोरत नाहीत. त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 साली त्याने ते जगाला सांगितलं. किती सुंदर गोष्ट! मामा म्हणाले, "चोरी आमच्याकडंबी होते," आणि सगळे हसले. मिलार्दे तिथेच मेला.

पण खरा घाव पुढे होता. बाटलीच्या मागे छापलं होतं ब्लॅककरंट. मी ब्लॅककरंट म्हणालो. सात जणांना ब्लॅककरंट आला. आठव्याला सर्दी होती. मामांनी ग्लास नाकाशी नेला, थांबले, परत नेला.

"ढोबळी मिरची."

मी हसलो. एकटाच.

"घडाला ऊन लागलं न्हाई. पानं दाट ठेवलीत गड्यानं. घडाजवळची काढायला पायजे होती, म्हणजे हा हिरवा वास जातो."

आणि हे शंभर टक्के बरोबर आहे! कॅबर्नेत पायरॅझिन नावाचं द्रव्य असतं, ढोबळी मिरचीतही तेच असतं, आणि घड सावलीत राहिला की ते जास्त उरतं. हे मी पुस्तकं विकत घेऊन वाचलेलं आहे. ज्या माणसाने वाइनचा थेंब जिभेवर ठेवलेला नाही, त्याने ग्लास हुंगून दिंडोरीकडच्या कुठल्याशा अनोळखी शेतकऱ्याची हजेरी घेतली. काकांनी टाळ्या वाजवल्या. "धिस इज व्हॉट यू कॉल अ नोज!" म्हणाले. इतक्या वर्षांत मला त्यांनी 'पार्किंग नीट करा' यापलीकडे काही म्हटलेलं नाही.

कुणीतरी लाडाने विचारलं, "मामा, तुमच्या द्राक्षांची का नाही करत वाइन?" मामांनी पेटीतला थॉम्पसन जातीचा लांबट, काचेसारखा एक मणी वर धरला. "ही खायाची. हिच्यात बी न्हाई, साल पातळ, नुसतं पाणी नि साखर. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. खाल्लं तर तुम्ही थुंकाल." एवढं म्हणून त्यांनी माझी पिकदाणी जवळ ओढली, आत डोकावले, आणि म्हणाले, "चकली कुणी टाकली? अन्न आहे ते."

आठवडा झाला. तीन बाटल्यांचे, चीजचे आणि फुटलेल्या एका ग्लासचे पैसे अजून आलेले नाहीत. विचारलं तर "अहो, घरच्या घरी तर होतं" असं उत्तर मिळतं. वाइन वाटून घ्यायची संस्कृती म्हणतात ती हीच असणार, बिल सोडून बाकी सगळं वाटून घ्यायचं. काकांनी मात्र मामांचा नंबर परस्पर माझ्या बायकोकडून मिळवला आणि पुढच्या टेस्टिंगचं आमंत्रण दिलं. मामा म्हणाले, एप्रिलात खरड छाटणी आहे, ती उरकल्याशिवाय बाग सोडता येणार नाही.

तर तारीख छाटणीवर अवलंबून ठेवली आहे. मी मागे लिफ्टच्या दुरुस्तीची मीटिंग अर्धा तास पुढे ढकला म्हणालो होतो, तेव्हा नियम दाखवले होते. काकांचा निरोप काल वॉचमनबरोबर आला. ग्लास सगळे तुमचेच लागतील, या वेळी जरा मोठे आणा, आणि ती पितळी कुंडी नको, मामांना आवडत नाही.