नुसतं रक्त किती दिसलं ते बघून कसं चालेल

लेखात म्हटलंय की थ्रिलरमध्ये खून आणि शिव्या असतात म्हणून ख्रिस्ती घरातल्या टीनएजर मुलांना तो दाखवूच नये, मला हे अर्धंच पटलं. खून तर बायबलमध्येपण आहे ना, 2 शमुवेल 11 मध्ये दावीद राजा आपल्या सैनिकाला, उरीयाला, लढाईत मुद्दाम पुढे उभं करून मारवतो आणि ते काही झाकून ठेवलेलं नाही, पण पुढच्याच अध्यायात नाथान संदेष्टा येऊन एका अन्यायी माणसाची गोष्ट सांगतो आणि दावीदाला तोंडावर म्हणतो की तो मनुष्य तूच आहेस. मी पिक्चरमध्ये हेच बघते, पापाला पाप म्हटलंय का. पीजी-13 (13 वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं अमेरिकन रेटिंग) वगैरे रेटिंगवरून हिंसा, शिव्या किती ते कळतं, पण हिरोने बदला घेतल्यावर आपल्याला बरं का वाटतं ते कुठे कळतं, आणि बायबलमधलं रोमकरांस 12:19 तर सरळच सांगतं की सूड देवावर सोडा. या वयात मुलांच्या मनात तेच जास्त बसतं हो. छळाचे सीन उगाच लांबवलेले असतील तर मात्र सरळ नाही म्हणायचं, त्यात चर्चा नको. बाकी आधी स्वतः बघा प्लीज, मग मुलांसोबत बसा आणि संपल्या संपल्या त्यांना विचारा, त्या हिरोच्या जागी तू काय केलं असतंस?