पावसात वायफाय ‘भिजतं’ का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. वायफायच्या गैरसमजांवरच्या लेखाबद्दल फोंड्याहून तुम्ही तीन आक्षेप नोंदवलेत. पाऊस सुरू झाला की सिग्नल जातो, हा गैरसमज नाही, दर वर्षीचा अनुभव आहे. ३०० एमबीपीएसचा प्लॅन आणि सहा अँटेनांचा राउटर असूनही आतल्या खोलीत ३८च्या वर स्पीड मिळत नाही, म्हणजे कंपनी फसवते. आणि चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घरात केबल ओढता येत नाही, तेव्हा ‘रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारी पेटी) टाळा’ हा सल्ला निरुपयोगी आहे.

तुमचा अनुभव खराच आहे. पण त्याचं कारण तुम्ही समजता ते नाही, आणि कारण चुकलं की पैसे भलत्याच वस्तूवर जातात. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी पाऊस. ताशी १०० मिलिमीटर कोसळत असला, तरी ५ गिगाहर्ट्झची लहर अख्ख्या किलोमीटरभरात साधारण अर्धा ते एक डेसिबल गमावते, म्हणजे जवळपास काहीच नाही. तुमच्या घरातलं अंतर फार तर १५-२० मीटर, आणि तेही कौलांखाली. पावसाचा खरा फटका १० गिगाहर्ट्झच्या वर बसतो. टीव्हीची छत्री त्याच पट्ट्यात चालते. तिचं चित्र पावसात अडकताना सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून वायफायवरही तोच आळ येतो.

मग पावसात जातं काय? हे ओळखायला लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१) सतत पिंग लावा (म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजा), दुसरीत ८.८.८.८ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. जोराची सर आली की दोन्हीकडे बघा. राउटरकडून उत्तर नेहमीसारखं काही मिलिसेकंदांत येतंय आणि दुसरीकडे ‘टाइम्ड आउट’ दिसतंय, तर वायफाय धडधाकट आहे, बिघाड घराबाहेर आहे. राउटरचं उत्तरच २०० वर, मग ३ वर असं उड्या मारत असेल, तरच वायफायला दोष द्या.

आपल्याकडे जूनमध्ये बहुतेक वेळा पहिला प्रकार निघतो. फायबरची तार माडाला नाहीतर खांबाला बांधलेली असते. वाऱ्याने ती ताणली जाते, झावळ पडून मुडपते, जोडपेटीत पाणी शिरतं. फायबरला साधारण तीन सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण पडलं की आतला प्रकाश बाहेर गळतो. फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या भिंतीवरच्या डब्यावर ‘लॉस’चा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाश पोचतच नाही, आणि राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. दिवा हिरवा असूनही नेट अडखळत असेल, तर त्याच डब्याच्या सेटिंगमध्ये ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, पाहा. ती डीबीएममध्ये मोजतात; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण. उणे २० डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे २७ म्हणजे काठावर. कोरड्या दिवशी उणे २१ आणि सरीत उणे २७, असे दोन फोटो काढून तक्रारीसोबत पाठवा. मग ‘तुमचा राउटर बदला’ असं कोणी म्हणू शकणार नाही. फायबरचं टोक काढून डोळ्यांसमोर मात्र कधीही धरू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दुसरं कारण वीज. दिवे क्षणभर मिचकावले तरी डबा रीस्टार्ट होतो आणि परत जोडायला दोन-तीन मिनिटं घेतो. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा, पण आधी अडॅप्टरवर अँपिअर वाचा. १.५ लिहिलेलं असेल तर १ अँपिअरचा यूपीएस चालणार नाही, भार आला की डबा बंद पडेल.

ओल धरलेला चिरा कोरड्यापेक्षा जास्त सिग्नल शोषतो, एवढं मात्र पावसाच्या खात्यावर मांडायला हरकत नाही. पण मूळ अडथळा त्या जाड भिंतींचाच, आणि तो एप्रिलमध्येही असतो. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, आणि ५ला तो २.४पेक्षा जास्त जाणवतो. आता तुमच्या ३८चा उलगडा होईल. राउटर वासरीत (ओसरीत), तुम्ही राजांगणापलीकडच्या (आतल्या चौकापलीकडच्या) खोलीत. मध्ये दोन-तीन भिंती आल्या की फोन ५ सोडून २.४वर उतरतो. (नेटवर्कच्या नावापुढचं ‘५जी’ म्हणजे हेच ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही.) वायफाय ४च्या (२.४वरच्या जुन्या पिढीच्या) हिशेबाने २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर एका प्रवाहाचा कमाल लिंक स्पीड, म्हणजे फोन आणि राउटरमधला कागदावरचा वेग, ७२ एमबीपीएस. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, शिवाय पोचपावत्या. म्हणून हाती येतो निम्म्याच्या आसपास. फोनच्या वायफाय तपशिलात फ्रिक्वेन्सी आणि लिंक स्पीड दिसतो, तिथे खात्री करा.

कंपनी फसवते का, हे केबल लावूनच ठरतं. डब्याला लॅपटॉप केबलने जोडा, वायफाय बंद करा, स्पीड मोजा. ९४-९५वर अडकला तर पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे किंवा केबलची एखादी जोडी तुटली आहे. तिथे २८० आले, तर कंपनी निर्दोष.

सहा अँटेनांनी ताकद सहापट होत नाही. सिग्नलच्या ताकदीची कायद्याने घातलेली एकूण मर्यादा तीच राहते, आणि तुमच्या फोनची अँटेना तेवढीच चिमुकली. राउटरचा आवाज पोचला तरी फोनचं उत्तर परत यायला हवं ना!

रिपीटरबद्दल मत बदललेलं नाही. साधा एकपट्टी रिपीटर ऐकतो आणि बोलतो त्याच चॅनेलवर, म्हणून स्पीड निम्मा होतो. त्यातून लोक तो सिग्नल नसलेल्या खोलीत लावतात; नसलेलं तो काय वाढवणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर.

चिरा फोडायची गरज नाही. कौलांखालून, वाशांच्या कडेने, केबल सहज जाते. कॅट ६ घ्या, शुद्ध तांब्याची. तार खरवडल्यावर आत रुपेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे, परत करा. १०० मीटरपर्यंत चिंता नाही. दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पलीकडे जुना राउटर चालेल. त्याला १९२.१६८.१.२ पत्ता द्या, डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, केबल ‘वॅन’ लिहिलेल्या पोर्टमध्ये न लावता ‘लॅन’मध्ये लावा. डीएचसीपी चालू राहिला तर दोन्ही राउटर पत्ते वाटत सुटतात, आणि ‘वायफाय जोडलंय पण नेट नाही’ ही तक्रार सुरू होते. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा; २.४चं चॅनेल एकीकडे १, दुसरीकडे ६ किंवा ११.

नेटवर्कचं नाव लपवलं म्हणून सुरक्षित, हेही तुम्ही ओघात लिहिलंय. लपवलेलं नाव साध्या अ‍ॅपनेही सापडतं. डब्ल्यूपीए२ किंवा ३ ही सुरक्षापद्धत, लांब पासवर्ड आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय) बंद, एवढं केलंत तर नाव खुशाल दिसू द्या.

केबलवरचा स्पीड, सरीतले दोन्ही पिंग आणि आरएक्स पॉवर, हे आकडे इथेच खाली लिहा. वासरीपासून त्या खोलीपर्यंत किती भिंती आहेत तेही कळवा, म्हणजे केबल कुठून न्यावी ते सांगता येईल.