नांगराला मोकळं सोडा

नांगर वर आला की काम संपलं. चिखल धुवा, हात धुवा, मागे सुकाणूपाशी येऊन बसा आणि चहा मागा. मुंबईहून शिडाच्या होडीने गोव्याला जायचं म्हणजे सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, वारा देईल तसे दोन-अडीच दिवस. एवढ्या गडबडीत नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, 20 किलो लोखंडाकडे बघायला कोणाला सवड आहे? बसलाय तो तिथे रोलरवर, साखळी सरकते त्या चाकावर. होडीच्या नाकात नथ घातल्यासारखा शोभतो, फोटोतही छान येतो. नथ कोणी दोरीने बांधतं का?

त्यातून तुमचा नांगर सीक्यूआर जातीचा असला तर प्रश्नच मिटला. 1933 साली जी. आय. टेलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने तो काढला. गृहस्थ वाहत्या पाण्याच्या गणितातले दादा, आणि स्वतः शिडं हाकणारे. आकार थेट शेतातल्या नांगराच्या फाळासारखा, जितका ओढाल तितका चिखलात रुतणारा. आणि ही तीन अक्षरं जरा भरभर म्हणून बघा, ‘सिक्युअर’ असंच ऐकू येतं. नाव ठेवताना हेतूही तोच होता. ज्याच्या नावातच सुरक्षितता आहे त्याला पुन्हा जखडायचं म्हणजे बारशालाच संशय घेण्यासारखं झालं. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण जमिनीवरच्या लोकांनी केलेली, ती भरतीच्या रेषेपलीकडे लागू होत नाही.

काही माणसं मात्र ऐकत नाहीत. रोलरच्या दोन्ही पाख्यांना आरपार भोक असतं, त्यातून नांगराच्या दांड्यावर खिट्टी घालायची असते, असं ती सांगतात. बहुतेक होड्यांत भोक असतं, खिट्टी नसते. ती खाली कुठल्यातरी डब्यात, सुकलेला डिंक आणि तीन गंजलेले स्क्रू यांच्या सोबतीने सुखात असते. ही माणसं तिला शोधून काढतात. एवढ्यावर भागत नाही म्हणून दांड्यावरून बारीक, बळकट दोरीचे चार-सहा वेढे घेऊन डाव्या-उजव्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) कचकचून ताणतात आणि मग नांगराला धरून हिसका देऊन बघतात. होडी हलली आणि नांगर हलला नाही तर त्यांना बरं वाटतं. असल्यांच्या नादी लागू नका, तुमचा चहा गार होईल.

साखळी विंडलासवर गुंडाळलेली आहे ना? मग सगळा भरवसा त्याच्यावर टाका. विंडलास साखळी ओढायला असतो, हिसके सोसत धरून ठेवायला नसतो, त्यासाठी साखळीच्या कडीत वेगळा अडसर घाला, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका डब्यात असते. खिट्टीच्या शेजारी.

यातली खरी गंमत अशी की जाताना काहीही होत नाही. डिसेंबर-जानेवारीत कोकण किनाऱ्यावर पहाटे मतलई वारे आणि दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे. दक्षिणेला निघालेल्याच्या ते पाठीशी पडतात. होडी डुलत जाते आणि तुमचा न बांधलेला नांगर शहाण्या पोरासारखा गप्प बसतो. यावरून लगेच सिद्धांत मांडा, पणजीत पोचल्यावर चार जणांना ऐकवा.

परतताना तोच वायव्य वारा थेट तोंडावर. नाळ लाटेवर चढते आणि पलीकडे आपटते, चढते आणि आपटते, तासन्‌तास. माथ्यावरून घसरताना नांगर हलका होतो, आपटताना कितीतरी जड. हलका झाला की तो रोलरवरून उडी मारून बघतो. नथीचा टाळ होतो. टण्ण, टण्ण. खाली झोपलेल्या माणसाला वाटतं, कोणीतरी हातोड्याने फायबर फोडतंय. त्याला तसंच वाटू द्या, त्याचं बरोबर आहे.

मग रात्री तीनला (ही कामं तीनलाच निघतात) तो उतरतो. त्याच्यामागे साखळी. 10 मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, तेव्हा 50 मीटर गेली की नांगरासकट 130 किलोच्या घरात लोखंड पाण्यात. साखळीचं आतलं टोक कप्प्यात कुठेच बांधलेलं नसेल तर उत्तम, ओझं गेलं. शॅकलने, म्हणजे लोखंडी कडीने, कायमचं जखडलेलं असेल तर आणखी उत्तम, आता काही सुटायचं नाही, तुम्हीही. टोकाला दोरीचा तुकडा बांधावा, म्हणजे वेळ आली तर सुरीने कापता येतो, हा मधला मार्ग भित्र्यांचा.

आपला किनारा उथळ. 20-25 मीटरवर चिखल लागतो आणि टेलरसाहेबांचा फाळ इमानाने नांगरणी सुरू करतो. कधी नुसताच खरवडत जातो, कधी रुततो, आणि ऐन वेगातली होडी वेसण ओढल्यासारखी गर्रकन मान वळवते. चिखलाऐवजी कोळ्यांचं डोल जाळं लागलं तर सकाळी भरपाईची बोलणी करायला तांडेल, म्हणजे त्यांच्या होडीचा म्होरक्या, स्वतः येतो. तो जे बोलतो ते मराठीच असतं, पण शब्दकोशात शोधू नका.

साखळी ज्या नळीतून खाली जाते तिच्या तोंडात बोळा कोंबायचाही आळस करा. नाळेवरून आलेल्या लाटेला कुठेतरी जायला हवंच.

उलट टोकाचेही भक्त आहेत. नांगराला सुंभाचे वेढे, वर बत्तीस गाठी, त्यावर शिडाच्या पिशव्या. पुढे खाडीच्या तोंडाशी वारा पडतो, पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकून इंजिन बंद पडतं, भरती होडीला खडकाकडे नेऊ लागते. त्या क्षणी होडीला ब्रेक एकच, आणि तो बत्तीस गाठींखाली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे तर तो ओला आहे.

लांबच्या सफरीवरचे लोक नांगर साखळीपासून सोडवून खाली, होडीच्या पोटात मधोमध ठेवतात. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तसल्या वाटेवर तळ कैक आठवडे काही किलोमीटर खाली असतो, नांगर टाकणार कुठे? आपल्याला मात्र तो नाळेवरच हवा. फोटो.

आमच्या होडीच्या नाळेला उजवीकडे, पाण्यापासून वीतभर वर, अर्धचंद्राचा खळगा आहे. विचारणाऱ्याला मी विजयदुर्गाच्या पाण्याखालच्या खडकाची गोष्ट सांगतो. फाळ त्यात अगदी चपखल बसतो, ते सांगत नाही. खिट्टी परवा सापडली. डिंकाला चिकटली होती.